आडनाव : मानासाठी की माहितीसाठी?

वर्गात रोज हजेरी घेतली जाते तेव्हा आपल्या कानांवर एक इतिहासच वाचला जात असतो. पण तो इतिहास आहे हे आपल्या ध्यानात येत नाही. कुलकर्णी, देशमुख, पाटील, जोशी, औसेकर, उदगीरकर, वाघमारे, कांबळे, जाधव, सराफ अशी नावे एकामागून एक उच्चारली जातात, 'हजर' असे उत्तर मिळते, आणि हजेरीपुस्तक मिटते. वस्तुतः या प्रत्येक शब्दामागे एखादे गाव, एखादा हुद्दा, एखादा धंदा, आणि क्वचित एखादी थट्टादेखील दडलेली असते. आपण दिवसातून दहा वेळा ज्या शब्दाची सही करतो, त्याविषयी दहा मिनिटेही विचार करीत नाही, ही नवलाची गोष्ट नव्हे काय?

आडनावाचा उपयोग दोन तऱ्हांनी करता येतो. एक मान मिरविण्यासाठी आणि दुसरा माहिती मिळविण्यासाठी. 'आम्ही अमुक घराण्यातले' असे म्हणून मान ताठ करणे हा पहिला उपयोग. 'आम्ही कोठून आलो, आमचे पूर्वज काय करीत होते' असा शोध घेणे हा दुसरा. पहिला उपयोग आपण सोडून द्यावा आणि दुसरा आवर्जून शिकावा, असे माझे मत आहे. जामबागेसारख्या ठिकाणी, मराठी मुलखापासून दूर तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना तर या दुसऱ्या उपयोगाची निकड अधिक आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावयास हवे की, आज आपण ज्या अर्थाने आडनाव लावतो ती पद्धत फारशी जुनी नाही. जुने मराठी कागद पाहिले तर माणूस स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव एवढ्यावरच आपली ओळख देतो. थोरल्या बाजीरावांचा उल्लेख 'बाजीराव बल्लाळ' असा येतो. यातील बल्लाळ हे आडनाव नसून वडिलांच्या बाळाजी या नावाचे रूप आहे. नाना फडणीस 'बाळाजी जनार्दन' म्हणून ओळखले जात; जनार्दन हे त्यांचे वडील. पुढे इंग्रजी अमदानीत शाळेचा दाखला, कोर्टाचा कागद, पलटणीची यादी, पेन्शनचे पुस्तक हे सर्व आले आणि प्रत्येक ठिकाणी एकच ठराविक नाव असणे आवश्यक झाले. तेव्हा कोणी गावाचे नाव लावले, कोणी हुद्द्याचे, कोणी कुळाचे, आणि जे त्या वेळी लिहिले गेले ते पुढच्या पिढ्यांना कायमचे चिकटले. हैदराबादेत तर पुष्कळांचे काम 'राव' या आदरार्थी शब्दावरच भागत असे. त्यामुळे काही घराण्यांत 'राव' हेच आडनाव होऊन बसले आहे.

आपल्या शेजाऱ्यांची रीत पाहिली म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. तेलुगू कुटुंबात आडनावाला 'इंटिपेरु' म्हणजे घराचे नाव म्हणतात, आणि ते अगोदर येते, मागाहून नव्हे. हैदराबाद राज्याचे १९५२ ते १९५६ या काळातील मुख्यमंत्री बूर्गुल रामकृष्णराव यांच्या नावातील 'बूर्गुल' हा शब्द एका गावाचा आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या या गृहस्थांना मराठी उत्तम येत असे. पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव यांच्या आद्याक्षरांतील 'पी' म्हणजे पामुलपर्ती हे त्यांचे घराचे नाव. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली हे पुष्कळांना ठाऊक असेल. तेव्हा गावावरून नाव पडण्याची चाल दोन्ही भाषांत आहे. फरक एवढाच की तेलुगू माणूस घर अगोदर सांगतो व स्वतःला नंतर, आणि आपण स्वतःला अगोदर सांगतो व घर नंतर.

आता मराठी आडनावांचे मुख्य प्रकार पाहू. सर्वांत ओळखीचा प्रकार म्हणजे 'कर' शेवटी असलेली नावे. नांदेडकर, बीडकर, कंधारकर, देगलूरकर, धारूरकर, औसेकर, उदगीरकर, अशी मराठवाड्यातील गावांची यादीच या शहरातील मराठी घरांच्या पाट्यांवरून करता येईल. या नावांचा अर्थ सोपा वाटतो. परंतु त्यात एक मार्मिक गोष्ट आहे. नांदेडातच सर्वांबरोबर राहणाऱ्या माणसाला नांदेडकर कशासाठी म्हणावे? तेथे तर सर्वच नांदेडचे. माणूस गाव सोडून दुसरीकडे जातो, तेव्हा तेथील लोक 'हा कोठला?' असे विचारतात, आणि मग त्याला जुन्या गावाचे नाव चिकटते. म्हणून 'कर' हा शेवट बहुधा वास्तव्याचा नसून प्रस्थानाचा पुरावा असतो. आपल्या घरातील कोणीतरी कधीतरी एखादे गाव सोडले, एवढे तो निश्चित सांगतो. ते का सोडले, हे मात्र तो सांगत नाही. दुष्काळ, चाकरी, शिक्षण, भाऊबंदकी, लढाई, विवाह, यांपैकी काहीही असू शकेल.

याची उदाहरणे आपल्या जवळचीच आहेत. विचारवंत नरहर कुरुंदकर यांचा जन्म १९३२ साली तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील कुरुंदा या गावी झाला. ते गाव आता हिंगोली जिल्ह्यात येते. शिक्षणासाठी ते हैदराबादेस आले. त्यांचे मामा डॉ. नांदापूरकर येथे उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते, आणि त्यांच्याही नावात नांदापूर हे गाव आहे. मामा व भाचा अशा दोघांच्या नावांत मराठवाड्यातील दोन गावे या शहरात येऊन राहिली. निझामाच्या राजवटीत मराठवाडा आणि हैदराबाद यांच्यामध्ये राज्याची सीमा नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी बनले. जे काल आपल्याच राज्यातले गाव होते ते परराज्यातले झाले. अशा वेळी कित्येक घरांत जमीन राहिली नाही, वाडा राहिला नाही, येणेजाणेही राहिले नाही. गावाची म्हणून जी एकच वस्तू उरली ती म्हणजे आडनाव.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आडनावातील गाव हे जन्मगावच असते असे नाही. फलटणचे नाईक-निंबाळकर घराणे हे मूळचे पवार, आणि निंबळक गावावरून त्यांना निंबाळकर हे नाव मिळाले, अशी त्या घराण्याची परंपरा आहे. पण त्यांचे राज्य झाले फलटणास. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. परंतु त्यांचा जन्म १९०३ साली विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. म्हणजे आडनाव हे अलीकडच्या मुक्कामाचे नव्हे, तर मागच्या कोणत्यातरी मुक्कामाचे नाव असते. त्या दोहोंच्या मधले मुक्काम शोधून काढणे, हेच खरे इतिहासाचे काम होय.

दुसरा मोठा प्रकार म्हणजे हुद्द्यावरून आणि वतनावरून पडलेली नावे. यांतील पुष्कळ शब्द फारसी किंवा अरबी आहेत, आणि याचे कारण आपल्या दख्खनच्या इतिहासातच आहे. १३४७ साली बहमनी राज्याची स्थापना झाली. त्यानंतर निझामशाही, आदिलशाही, कुतुबशाही आणि पुढे मोगल व आसफजाही अशा राजवटी या प्रदेशावर नांदल्या. त्यांच्या दरबाराची लिहिण्याची भाषा फारसी होती, आणि हिशेब ठेवणारी, पत्रे लिहिणारी, महसूल गोळा करणारी माणसे पुष्कळशी मराठी होती. 'नवीस' म्हणजे लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस. हिशेब लिहिणारा तो हसबनीस. फर्द म्हणजे यादीचा कागद, तो लिहिणारा फडणीस. फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनीस. जमाखर्चाची बेरीज राखणारा मुजुमदार, कचेरीचे दप्तर राखणारा दफ्तरदार, नाण्यांची पारख करणारा पोतदार, किल्ल्याचा अधिकारी किल्लेदार. मुक्तिसंग्रामातील दुसरे एक पुढारी गोविंदभाई श्रॉफ यांचे आडनाव म्हणजे 'सर्राफ' या अरबी शब्दाचेच इंग्रजी वळणाचे रूप. आपल्याकडे त्याचेच 'सराफ' झाले.

१६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा राज्यकारभारातील फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द योजण्याचा प्रयत्न झाला. महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध केला. पेशव्यास पंतप्रधान, मुजुमदारास अमात्य, सुरनिसास सचिव, डबिरास सुमंत अशी नावे मिळाली. या प्रयत्नाचे महत्त्व मोठे आहे. तथापि आडनावांच्या बाबतीत पाहता गंमत अशी की, अमात्य, सचिव आणि सुमंत ही आडनावेही राहिली व मुजुमदार, सुरनीस आणि डबीर ही आडनावेही राहिली. राजाज्ञेने दरबाराची भाषा बदलता आली. घराघरांत रुजलेले शब्द मात्र तसेच राहिले. आपल्या आडनावांच्या कोशात फारसी, अरबी, संस्कृत, कानडी व देशी मराठी शब्द एकाच पंक्तीला जेवतात. जो कोणी 'शुद्ध' भाषेचा किंवा 'शुद्ध' कुळाचा फार अभिमान बाळगतो, त्याने एकदा वर्गाचे हजेरीपुस्तक वाचावे.

हुद्दा नावाला कसा गिळून टाकतो याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पेशवे. बाळाजी विश्वनाथ हे श्रीवर्धनचे भट. १७१३ साली शाहू महाराजांनी त्यांस पेशवेपद दिले. पुढे ते पद त्या घराण्यात वंशपरंपरेने चालले, आणि भट हे नाव मागे पडून 'पेशवे' हेच आडनाव झाले. नाना फडणीस यांचेही मूळ आडनाव भानू. आज ते कितीजणांस ठाऊक आहे? आपल्या हैदराबादेतही असेच घडले आहे. निझामाच्या कारभारात 'दफ्तर-इ-माल' आणि 'दफ्तर-इ-दिवाणी' अशी महसुलाची दोन मोठी दफ्तरे होती. माल दफ्तर सांभाळणारे कायस्थ घराणे 'मालवाला' म्हणून प्रसिद्ध झाले. दिवाणी दफ्तर ज्या महाराष्ट्रीय घराण्याकडे होते, ते 'रायरायान' या किताबाने ओळखले जाऊ लागले. पहिले सालारजंग यांनी कारभाराची नवी घडी बसविली, १८६५ साली जिल्हाबंदी केली, आणि या जुन्या दफ्तरांचा अधिकार लयास गेला. दफ्तर गेले, पण नाव राहिले.

हीच गोष्ट वतनांची. पाटील गावाचा मुख्य, कुलकर्णी गावाचा लेखक; देशमुख परगण्याचा मुख्य, देशपांडे परगण्याचा लेखक, ही जुनी व्यवस्था. आज ती कोठेही उरलेली नाही. हैदराबाद राज्यातील जहागिऱ्या १९४९ साली रद्द झाल्या. मुंबई राज्यात परगणे व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली; महाराष्ट्रात पाटीलकीचे पद १९६२ च्या कायद्याने संपले; आंध्र प्रदेशात पटेल-पटवारी यांची पदे १९८४ साली रद्द करण्यात आली. आता पाटील आडनावाचा मुलगा गावाचा सारा वसूल करीत नाही आणि कुलकर्णी आडनावाची मुलगी गावाचे दप्तर लिहीत नाही. मग ज्या अधिकाराचे काम आपण करीत नाही, त्याचा तोरा तरी आपण का मिरवावा?

याविषयी 'देशमुख' या एकाच शब्दाची कथा पुरेशी बोलकी आहे. देशमुख हे आडनाव मराठ्यांत आहे, ब्राह्मणांत आहे, चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंत आहे, लिंगायतांत आहे आणि मुसलमानांतही आहे. तेव्हा त्यावरून जात ओळखू पाहणारा माणूस हमखास फसतो. याच तेलंगणात तेलुगू जमीनदारांनाही देशमुख म्हणत असत. १९४६ साली नलगोंडा जिल्ह्यातील विसनूरच्या देशमुखाच्या जुलमाविरुद्ध शेतकरी उभे राहिले. ४ जुलै रोजी दोड्डी कोमरय्या हा तरुण देशमुखाच्या माणसांच्या गोळीस बळी पडला, आणि तेथून तेलंगणाचा सशस्त्र शेतकरी लढा भडकला. येथील कित्येक वृद्धांच्या कानी 'देशमुख' हा शब्द वेठबिगारीच्या आठवणीसह येत असे. उलट, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व पुढे भारताचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांच्याशी राजमहेंद्रीच्या दुर्गाबाईंचा १९५३ साली विवाह झाला. या तेलुगू विदुषीने उभारलेल्या आंध्र महिला सभेचे कार्य पुढे हैदराबादेतही वाढले, आणि 'दुर्गाबाई देशमुख' हे नाव या शहरात रुग्णसेवेचे व स्त्रीशिक्षणाचे नाव बनले. शब्द तोच; पण एका गावी तो भयाचा आणि दुसऱ्या ठिकाणी सेवेचा. यावरून काय सिद्ध होते? आडनाव माणसाला थोर करीत नाही की हीन करीत नाही. माणूसच आपल्या कृतीने आडनावाला अर्थ देतो.

तिसरा प्रकार धंद्यांचा आणि टोपणनावांचा. सुतार, लोहार, कुंभार, तांबोळी, अत्तार, गुरव, जोशी ही नावे तर उघडच आहेत. गोडबोले, साखरे, सहस्रबुद्धे, एकबोटे, अष्टपुत्रे, काळे, गोरे, वाघ, कोल्हे, लांडगे या नावांत मात्र लोकांच्या विनोदाला आणि निरीक्षणाला वाव मिळालेला दिसतो. अशा नावांसंबंधी प्रत्येक घरी एखादी कथा सांगितली जाते. कोणा पूर्वजाने वाघ मारला, कोणाला आठ पुत्र झाले, कोणी राजाशी गोड बोलून गाव वाचविले. या कथा अवश्य ऐकाव्यात व लिहूनही ठेवाव्यात. पण कथा आणि पुरावा यांतला भेद विसरू नये. पुष्कळदा अगोदर नाव असते आणि ते समजावून सांगण्यासाठी कथा मागाहून रचली जाते. 'अमुक साली, अमुक कागदात, अमुक गावी हे नाव आढळले' असे सांगता आले म्हणजे तो इतिहास. 'आमच्यात असे सांगतात' एवढेच असेल तर ती परंपरा. परंपरेला परंपरा म्हणण्यात कमीपणा मुळीच नाही. आपले कुळ एखाद्या प्राचीन राजवंशास नेऊन भिडविण्याची हौस पुष्कळांस असते. तेथे तर ही कसोटी अधिकच कडक लावावी.

आता आडनावाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ते जितके सांगते तितकेच लपवितेही. आपल्या आडनावात वडिलांचे वडील, त्यांचे वडील, अशी एकच ओळ असते. आई, आजी, पणजी यांची घराणी त्यात कोठेच दिसत नाहीत. शिवाजी महाराज भोसले. परंतु जिजाबाई सिंदखेडच्या लखुजी जाधवांच्या कन्या, हे आपण वेगळे शिकलो म्हणून आपल्याला ठाऊक आहे. आपल्यापैकी कितीजणांना आपल्या पणजीचे माहेरचे आडनाव सांगता येईल? चार पिढ्या मागे गेले तर प्रत्येकाचे सोळा पूर्वज होतात, आणि त्यांपैकी आडनाव आपल्याला एकाच ओळीचे मिळते. मग केवळ त्या एका ओळीवर फुगून जाणे हे गणितालाही धरून नाही.

या बाबतीत काळ बदलत आहे ही समाधानाची गोष्ट होय. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली असा निर्णय घेतला की, १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत प्रथम मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव लिहावे. आपल्या बाजूच्याच एका तेलुगू कुटुंबाच्या दाव्यात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, वडील वारल्यानंतर मुलाचे आडनाव ठरविण्याचा अधिकार आईला आहे. आडनाव ही केवळ वंशाची खूण नसून मुलाला आपल्या घरात सामावून घेणारी गोष्ट आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

ज्यांना समाजाने पिढ्यान् पिढ्या मागे ठेवले, त्यांच्या दृष्टीने आडनावाचा प्रश्न आणखी तीव्र होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या घराण्याचे नाव सकपाळ. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. त्या गावावरून शाळेसाठी आडनाव घेतले गेले, आणि पुढे आपल्यावर लोभ करणाऱ्या शिक्षकाच्या नावावरून आपण आंबेडकर हे नाव घेतले, अशी त्यांची स्वतःची आठवण सांगितली जाते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांनी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश केला. तो दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. १९५३ साली याच शहरातील उस्मानिया विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट देऊन गौरविले. कोणतेही वतन नसलेल्या घरातील एका मुलाने शाळेच्या दाखल्यावरील नावाला जगभर कीर्ती मिळवून दिली. वतनाच्या सनदेपेक्षा शाळेचा दाखला मोठा ठरू शकतो, याहून दुसरा कोणता पुरावा हवा?

आणि ज्यांनी आडनाव टाकले, त्यांचे काय? व्यंकटेश खेडगीकर यांनी १९३२ साली संन्यास घेतला, तेव्हा गाव, कुळ व आडनाव ही तिन्ही मागे राहिली. रामानंद तीर्थ या नावाने त्यांनी सर्व भाषांच्या व धर्मांच्या लोकांना लढ्यासाठी एकत्र आणले. त्यांची समाधी याच शहरात बेगमपेठेस आहे. मराठवाड्याचे कवी व कादंबरीकार बी. रघुनाथ यांचे पूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी; त्यांनी लेखनासाठी स्वतःचे आद्याक्षर व वडिलांचे नाव एवढेच ठेवले, आणि मराठी वाचक त्यांना त्याच नावाने ओळखतो. आडनाव ठेवणे हा जसा अधिकार आहे, तसाच ते न लावणे हाही अधिकारच आहे. परंतु टाकणाऱ्यानेही आपण काय टाकीत आहोत हे जाणून टाकावे. अज्ञानाने गळून पडू देऊ नये.

आणि हैदराबादेतील मराठी घरांना खरा धोका आहे तो या गळून पडण्याचाच. १९०७ साली केशवराव कोरटकर आणि त्यांचे सहकारी यांनी येथे विवेकवर्धिनीची स्थापना केली, तेव्हाच्या पिढीला आपले गाव, आपले कुलदैवत व आपले भाऊबंद तोंडपाठ असत. आजच्या मुलांना आपले आडनाव इंग्रजीत कसे लिहावे हे पक्के ठाऊक असते. पण त्या आडनावातील गाव नकाशावर कोठे आहे हे सांगता येत नाही. ज्यांना ते सांगता येते ते आजी-आजोबा आता थकले आहेत. त्यांच्यानंतर ही माहिती कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. एखाद्या शिक्षकाच्या, कारकुनाच्या, दुकानदाराच्या किंवा मजुराच्या घराचा इतिहास त्या घरातील मुलानेच लिहावयास हवा.

म्हणून माझी विद्यार्थ्यांस अशी सूचना आहे की, येत्या सुटीत प्रत्येकाने एक कोरी वही घ्यावी आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे. आपले मूळ गाव कोणते, ते कोणी व कोणत्या कारणाने सोडले, मध्ये कोठे कोठे मुक्काम झाले, कुलदैवत कोणते व ते कोठे आहे, पूर्वी दुसरे एखादे आडनाव होते काय, हे विचारून जसे सांगितले जाईल तसे लिहून घ्यावे. आजीचे, पणजीचे आणि आईच्या आईचे माहेरचे आडनाव व गाव अवश्य विचारावे. घरात जुन्या सनदा, पावत्या, पत्रे, पत्रिका किंवा शाळेचे दाखले असतील तर त्यांची यादी करावी. कागद मोडी लिपीत असला तर 'वाचता येत नाही' म्हणून तो टाकून देऊ नये. मोडी वाचणारी माणसे आजही आहेत, आणि ती लिपी शिकताही येते. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यांची नावे नोंदलेली सापडतात. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरले, घरांच्या माळ्यांवरील दप्तरे त्यांनी उकलली, आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड प्रसिद्ध केले. आपल्याला बावीस खंड लिहावयाचे नाहीत. बावीस पाने लिहिली तरी पुढच्या पिढीवर मोठे उपकार होतील.

हे लिहिताना दोन पथ्ये पाळावीत. जे कमीपणाचे वाटते तेही लिहावे. पूर्वज कर्जबाजारी होते, मजुरीस आले होते, किंवा त्यांनी कोणावर अन्याय केला होता, तर तेही इतिहासातच जमा होते. दुसरे पथ्य असे की, स्वतःचे आडनाव शोधताना दुसऱ्याचे आडनाव त्याची जात हुडकण्यासाठी विचारू नये. 'तुझे आडनाव काय?' या प्रश्नामागे मैत्री असावी, मोजमाप नसावे. ज्याला स्वतःच्या चार पिढ्यांचा प्रवास खरोखर समजला आहे, त्याला दुसऱ्याचे घराणेही कोठूनतरी चालत, अडखळत येथवर आले आहे हे आपोआप समजते. आणि मग हजेरीतील पुढचे नाव ऐकताना त्याच्या मनात तुलना न येता कुतूहल येते.